वाळू न शिरणारं दार

गावात वाळू शिरायला लागली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल, तर तो सुताराला. चारचौघांत तोही हळहळायचा, पण मनातल्या मनात चौकटी मोजायचा. प्रत्येकाला आता फट नसलेलं दार हवं होतं. लाकडाची ददात नव्हती. गावाच्या कडेला झाडं रांगेत उभीच होती. वाळू आजवर त्यांनीच अडवली होती, हे या शहाण्याच्या फार उशिरा लक्षात आलं. झाडं कमी झाली तशी वाळू वाढली, वाळू वाढली तशी दारं वाढली, आणि हा आपलीच पाठ थोपटत राहिला.

मग शेतं गेली, विहिरी आटल्या, माणसं निघाली. जाताना दारं काढून बरोबर नेली. "तुमच्या हातचं दार, टाकून कसं जायचं?" शेजारची शिंपीण म्हणाली. तो त्यावरही खूश. त्याला स्तुती तेवढी कळायची.

आता बायकोही लेकीकडे जायचं म्हणत होती. खोकून खोकून तिच्या छातीचा भाता झाला होता. तिच्यावाचून आपण काय भिंतींशी बोलणार, या विचाराने तो हबकला. पण जीव घाबरला की हात करवतीकडे जायचा, ही त्याची जुनी खोड.

"अगं, असं दार करतो की वाळूचा कण आत येणार नाही. मग तर राहशील?"

"आणि लाकूड कुठून आणणार?"

त्याने कुऱ्हाड उचलली. परसात एकच झाड उरलं होतं. ती रोज भांड्यांचं पाणी घालायची, ते.

दार मात्र देखणं झालं. वाऱ्याने ते आणखी घट्ट बसावं म्हणून त्याने ते बाहेर उघडणारं केलं. खिडक्यांना तर आधीच फळ्या ठोकल्या होत्या. दुपारी वादळ आलं, गेलं. आत कणही नाही. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि दार ढकललं. दार हलेना. बाहेर कमरेएवढी वाळू साचली होती, आणि हाकेला ओ द्यायला शेजार उरला नव्हता.

"अहो, वाळू दाराशीच साचणार, एवढं नाही आलं डोक्यात?"

"डोकं असतं तर झाड नसतं का?" तो म्हणाला, आणि आयुष्यातलं सगळ्यात चांगलं दार त्याने कुऱ्हाडीने फोडलं.

बायको खोकत बाहेर पडली ती थेट परसात गेली. हातांनी वाळू सारून तिने झाडाचा बुंधा मोकळा केला.

"दाराच्या फळ्या इथे रोवा, वाऱ्याच्या बाजूला. बुंधा फुटला तर राहीन. नाही तर लेकीकडे."

"जरा रंधा मारून घेतो..."

"रंधा नको!"

त्याने मुकाट्याने फळ्या रोवल्या. रोज सकाळी स्वतःच्या तोंड धुण्याचं पाणी जपून बुंध्याला घालू लागला. ज्या माणसाने झाडाकडे कधी फूटपट्टीशिवाय पाहिलं नाही, तो आता गुडघ्यांवर बसून त्याची विनवणी करत होता.

एका सकाळी सालीतून तांबूस कोंब डोकावला. सुताराचे डोळे भरून आले. त्या भरात जीभ घसरली. "मोठा झाला की एक चौकट आरामात निघेल!"

मागे बायको उभी होती.

त्याच आठवड्यात लेकीकडे कुऱ्हाड गेली. बायको राहिली.