चार आकडे मोजेपर्यंत

“हा आवाज तुमचाच ना, बाई?” एका विद्यार्थिनीच्या आईने मोबाइल टेबलावर ठेवला.

नाही कसं म्हणणार? आवाज बाईंचा होता. पावलांची चित्रं हातात धरून उभ्या होत्या त्याही बाईच. मोबाइलमधल्या बाई हसून म्हणाल्या, “वन फूट, टू फूट्स.” आणि श्वासही न घेता पुढचं चित्र उचललं. “वन टूथ, टू टूथ्स.”

“पोरगी घरभर फूट्स-फूट्स करत फिरतेय,” आई म्हणाली. “मी सुधारायला गेले तर मलाच सांगते, आमच्या बाई असंच म्हणतात. एकवीस मुलं आहेत त्या वर्गात, सगळ्यांच्या वह्यांत हेच आहे. आणि आम्ही आपले समजत होतो, जुनं ते सोनं.”

टेबलापलीकडे मुख्याध्यापिका कागदांची चळत सरळ करत होती. चळत चांगली सरळच होती.

एकतीस वर्षं बाई तिसरीला इंग्रजी शिकवत आल्या होत्या. साधं अनेकवचन कुणीही शिकवतं, शेवटी ‘स’ लावला की झालं. पण काही शब्द त्या नियमाला भीक घालत नाहीत. बाई म्हणायच्या, ही घरातली हट्टी माणसं, सांगून ऐकत नाहीत, अंगवळणीच पडावी लागतात. त्यासाठी त्यांची एक खोड होती. त्या मुद्दाम चुकायच्या. “टू फूट्स,” असं म्हणून चेहरा भोळा ठेवायचा आणि मनात चार आकडे मोजायचे. दोनला मुलं एकमेकांकडे बघायची, तीनला चुळबुळ आणि चारला वर्ग फुटायचा. “बाई, चुकलात, फीट, फीट!” मग बाई कपाळाला हात लावायच्या. “अगं बाई, या वयात माझं काही खरं नाही. बरं झालं, तुम्ही होतात.” ज्या पोराने बाईंची चूक काढली, ते पोर तो शब्द जन्मात विसरत नसे.

सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडायचं, तर हीच मुख्याध्यापिका. तेव्हा ती दुसऱ्या बाकावर बसायची. चारपर्यंत दम धरणं तिच्या रक्तातच नव्हतं, दोनलाच सुटायची. बाईंनीच तिचं नाव भोंगा ठेवलं होतं.

यंदाच्या सुट्टीत भोंग्याने गळ घातली. “बाई, तुमचे धडे चित्रित करून ठेवू. तुमच्यानंतर कोण आहे असं शिकवणारं?” बाई हुरळल्या, खोटं कशाला बोला. रिकाम्या बाकांसमोर उभ्या राहून त्या मन लावून चुकल्या आणि थांबल्या.

“विसरलात का पुढचं?” कॅमेरावाल्याने विचारलं.

“विसरते कशाला? इथे मुलं ओरडणार,” बाई म्हणाल्या. चार मोजून झाल्यावर त्यांनी त्या रिकाम्या बाकांना शाबासकीही दिली.

शाळा उघडली तेव्हा तिसरीच्या भिंतीवर पडदा लागला होता आणि बाईंना ग्रंथालयात टेबल मिळालं होतं. तुम्हाला दगदग नको, असं कारण. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय? निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती दोन वर्षं वर्गात काढू द्या, एवढाच अर्ज बाईंनी शाळा समितीकडे केला होता. ही आई त्या समितीतलीच.

सकाळी जिन्यात मुख्याध्यापिकेने बाईंचा हात धरला होता. “बाई, धडा आठ मिनिटांत बसवायचा होता. तुम्ही गप्प उभ्या दिसता तेवढं काप, असं मीच कॅमेरावाल्याला सांगितलं. त्यात तुमची शाबासकीही गेली. माझ्या डोक्यातच आलं नाही हो.”

“जाऊ दे गं. त्या मुलीच्या आईला नीट सांग म्हणजे झालं.”

“सांगते ना. मी आहे.”

त्या ‘मी आहे’वर बाई निश्चिंत बसल्या होत्या.

“मी मुद्दाम चुकते,” त्या आता आईला म्हणाल्या. “मुलांनी मला सुधारावं म्हणून. मध्ये थांबते मी, तो भाग कापलाय.”

“मुद्दाम?” आई हसली. “बाई, पडलो तरी नाक वर, असं करू नका. उद्या आमची पोरंही पेपरात मुद्दाम चुकतील.” मग ती मुख्याध्यापिकेकडे वळली. “मॅडम, तुम्ही तर यांच्याच हाताखाली शिकलात. करायच्या का या असं?”

बाईंनी मुख्याध्यापिकेकडे पाहिलं. मन आपोआप मोजायला लागलं. एक. मुख्याध्यापिकेने मान वर केली. दोन. बाईंना हसूच आलं, आता हिचा भोंगा वाजणार. तीन. मुख्याध्यापिका खिडकीकडे बघत होती.

चार.

“वय झालंय हो बाईंचं,” ती हळू आवाजात म्हणाली. “होतं असं कधी कधी. आम्ही तो धडा काढून टाकतो. अर्जाचं मग... ते राहू दे आता.”

बाईंना राग यायला हवा होता. आला तो नंतर, घरी गेल्यावर, आणि पुढे बरीच वर्षं पुरला. त्या क्षणी मात्र नुसती लाज वाटली, आणि तीही स्वतःची नव्हे, दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीची.

मुख्याध्यापिकेने चळतीतला वरचा कागद काढून पुढे सरकवला. बाईंच्या नावाचा माफीनामा होता, टाइप करून तयार. म्हणजे जिन्यात हात धरला तेव्हा तो या टेबलावर पडलेलाच असणार.

“फक्त सही, बाई,” ती म्हणाली. तिने वर पाहिलं नाही.

बाईंनी चष्मा लावला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचला. पर्समधून लाल पेन काढून त्यांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या, आणि मग खाली सही केली.