आज कारण विचारायचं नाही

दाराला कुलूप लावलं की मी जिना उतरते, आणि अर्ध्यावरून परत वर जाते. कुलूप लागलेलं असतंच. सासूबाई म्हणतात, "आमची सूनबाई कुलपाची मुलाखत घेते." माहेरी मला भित्री भागूबाई म्हणायचे. अशी मुलगी वैमानिक झाली, यावर दोन्ही घरांत अजून कुणाचा पुरता विश्वास बसलेला नाही.

परवाना हातात आला आणि पाठोपाठ आमची भिंगरी झाली. ती नावाप्रमाणे घरभर फिरायला लागल्यावर मी पुढच्या प्रशिक्षणासाठी परदेशात अर्ज केले, कारण तिथे शिकवणारेच पुढे नोकरीही देतात. दोन ठिकाणी निवड झाली. सही करण्याआधी दोन्ही जागा डोळ्यांनी बघू, असं म्हणून नवऱ्याने रजा टाकली, सासूबाईंनी भिंगरीला काखोटीला मारलं आणि आमची वरात निघाली.

पहिली संस्था मोठी. काचेच्या भिंती, गुळगुळीत फरशा, हुबेहूब कॉकपिटसारखे सिम्युलेटर, आणि शिकून झालं की थेट मोठ्या जेटवर नोकरी. नवरा हरखून गेला. आम्हाला फिरवणारा व्यवस्थापक सांगत होता की त्यांचं वेळापत्रक कधी कोलमडत नाही. मी विचारलं, एखाद्या विद्यार्थ्याला वाटलं की आज उडू नये, तर? तो गोड हसला. असा प्रश्न आमच्याकडे येतच नाही, म्हणाला, आणि कॅन्टीन दाखवायला घेऊन गेला. कॅन्टीन छानच होतं.

दुसऱ्या ठिकाणी पत्र्याचा हँगर, एकच धावपट्टी, आणि ऑफिसात चार घरांतून मागून आणल्यासारख्या खुर्च्या. इथे शिकल्यावर काम काय, तर छोट्या विमानांतून जवळच्या बेटांवर माणसं आणि टपाल पोचवायचं आणि संध्याकाळी घरी यायचं.

"म्हणजे आकाशातली रिक्षा," नवरा हळूच म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता, पण त्याने तो लगेच उचलून धरला.

तिथल्या मुख्य शिक्षिका पिकल्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. मनात मी त्यांना बाई म्हणायला लागले. माझा हात कसा आहे ते बघायला त्या मला एक फेरी मारायला नेणार होत्या. आम्ही दोघींनी विमानाभोवती फिरून सगळं तपासलं. आभाळ स्वच्छ होतं. फक्त धावपट्टीच्या टोकाची, वाऱ्याचा जोर दाखवणारी कापडी पिशवी एकदम आडवी ताठ व्हायची, मग मान टाकायची, मग पुन्हा ताठ. वारा नियमाच्या मर्यादेत होता. पण विमान माझ्यासाठी नवं होतं आणि कित्येक महिन्यांत मी उडालेच नव्हते.

"जायचं?" बाईंनी विचारलं.

कुंपणापलीकडे नवरा भिंगरीचा हात धरून तिला टाटा करायला लावत होता. एवढ्या लांब सगळ्यांना घेऊन आले ते काय परत फिरायला? आणि हे खरंच वाऱ्याचं भय, की माझं नेहमीचं कुलूप? मला सांगता येईना.

"आज नको," मी म्हणाले, आणि घाईघाईने कारणं जुळवायला लागले.

बाईंनी हात वर केला. "इथे 'नको' म्हणणाऱ्याला त्या दिवशी कारण विचारत नाहीत. कारण द्यायचं म्हटलं की माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. उद्या निवांत बोलू."

त्यांनी विमान जमिनीला बांधायच्या दोरांपैकी एक माझ्या हातात दिला. मी गाठ मारली आणि ओढून पाहिली. मग पुन्हा एकदा ओढून पाहिली. पलीकडच्या पंखाखाली बाईही तेच करत होत्या.

संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर आल्यावर हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. नवरा आंघोळ करून बाहेर आला तेव्हा मी म्हणाले, मोठ्या संस्थेला 'नाही' म्हणून कळवते आहे.

त्याचा टॉवेल डोक्यावरच राहिला. "अगं, पण जेट... का पण?"

"आज कारण विचारायचं नाही," भिंगरीचं तोंड पुसत सासूबाई म्हणाल्या. "उद्या विचार."

"हा नियम कधीपासून?"

"आत्तापासून."

तो आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला आणि डोकं पुसायला लागला.

सकाळी वारा पडला होता. बाई वाट बघत होत्या, सहीही आजच करायची होती. मी खोलीला कुलूप लावलं, भिंगरीला कडेवर घेतलं. जिन्यात नवऱ्याने विचारलं, "आता विचारू?" आणि उतरता उतरता मी सांगितलं, की जिथे 'नाही' म्हणता येईल अशा ठिकाणी मला शिकायचंय.

"बरं," तो म्हणाला, "रिक्षा तर रिक्षा. मीटरने चालव म्हणजे झालं."

मला हसू फुटलं, आणि तेवढ्यात पाय नेहमीसारखे थबकले. मी वळणार, तर सासूबाईंनी साडीच्या निऱ्या सावरल्या.

"तू हो पुढे," त्या म्हणाल्या. "मी बघून येते."