रिळांची फळी

"थांब! अगं थांब! उडाली ना सुई!"

बाहेरच्या खोलीतून नवऱ्याची हाक आली तसा शिवणबाईंनी पायडलवरचा पाय उचलला. बाहेर एक गाणं अर्ध्या ओळीवर अडखळून थेट पुढच्या कडव्यात जाऊन पडलं होतं.

"मी शिवू की नको?" त्यांनी आतूनच विचारलं.

"शीव गं. फक्त हळू शीव."

हळू! निम्मा संसार या मशीननं ओढला, तेव्हा कुणाला त्याची धडधड ऐकू आली नव्हती.

महिन्यापूर्वी नवऱ्याच्या जुन्या ऑफिसातली टेलिफोनबाई वारली. तिला मूलबाळ नव्हतं. तिच्या भाच्यानं तिचा रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डांचा खोका आणून दारात ठेवला. "मावशी सांगून गेली होती, हे तुम्हालाच द्यायचं." तेव्हापासून शिवणबाईंचं पोट दुखत होतं, आणि ते दुखणं औषधाचं नव्हतं. त्या बाईला त्यांनी एक-दोनदा पाहिलं होतं. दिसायला अगदीच चारचौघींसारखी. तेच जास्त झोंबत होतं, कारण नवरा रूपाला भुलला म्हणावं तर तेही नाही. दुपारचा डबा दोघं एकत्र खात, बाकी काही नव्हतं, असं नवऱ्यानं आपण होऊन सांगितलं. कुणी विचारलं नसताना का सांगितलं, हे कोडं त्यांना सुटलं नव्हतं.

प्लेअर मोठा नाजूक प्रकृतीचा. त्याची फिरणारी चकती आत स्प्रिंगांवर अधांतरी होती, नुसतं बोट टेकवलं तरी खालीवर व्हायची. घर वरच्या मजल्यावर, जमीन लाकडी फळ्यांची. आत मशीन चाललं की फळ्या थरथरायच्या आणि बाहेर सुई उडायची. नवऱ्याचं म्हणणं, जड वस्तू हलत नाही. म्हणून त्यानं प्लेअर आधी लोखंडी ट्रंकेवर ठेवला. मग दगडी फरशीचा तुकडा धापा टाकत वर आणला, आणि शेवटी त्यावर फोमची गादी घातली, तेव्हा तर प्लेअर होडीत बसल्यासारखा डुलायला लागला. जमीनच हलते म्हटल्यावर तिच्यावर डोंगर आणून ठेवला तरी काय उपयोग?

शिवणबाईंना हे कळत होतं. उपायही ठाऊक होता. मशीनच्या टेबलावर ठेवलेली बॉबिन नाचत नाचत खाली पडायची, पण मशीनशेजारच्या दगडी भिंतीत ठोकलेल्या फळीवर त्यांनी उभी केलेली रिळं कधी हललीसुद्धा नव्हती. फळी तशी हलकीच, हातभर रुंद, पण भिंतीत घट्ट बसलेली. जमिनीशी तिचा संबंधच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा चालला होता, आणि शिवणबाई मूग गिळून बसल्या होत्या. तिचं एक तरी गाणं का म्हणून सरळ शेवटाला जावं? जिवंत सवतीच्या झिंज्या तरी धरता येतात, मेलेलीशी भांडायचं कसं? कधी कधी त्या मशीनमध्ये कापड नसतानाही पायडल मारत राहायच्या.

आज मात्र नवरा चिडला नाही. आतल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"खाली चष्मेवाल्याची मागची खोली रिकामी आहे. तिथं फरशी आहे, हलायचा प्रश्न नाही. संध्याकाळी तासभर तिथंच बसत जाईन म्हणतो. तुलाही त्रास नको."

"दार लावून?"

"लावायलाच हवं. त्याच्या गिऱ्हाइकांना आवाज जाईल ना."

शिवणबाईंच्या डोळ्यांसमोर ते सगळं उभं राहिलं. केस विंचरून खाली जाणारा नवरा, लावलेलं दार, आणि आत ती. छे! असेल ती असो, पण आपल्या डोळ्यांसमोर असलेली बरी.

"काही नको चष्मेवाल्याचे उपकार," त्या उठल्या. "ही फळी घ्या."

"आणि तुझी रिळं?"

"रिळांना काय धाड भरलीय? डब्यात राहतील."

नवऱ्यानं रिकाम्या फळीवर काठोकाठ भरलेलं भांडं ठेवून पाहिलं. शिवणबाईंनी दणकून मशीन चालवलं. पाणी ढिम्म हललं नाही.

"तुला कधी सुचलं हे?"

"आत्ताच," त्या म्हणाल्या.

प्लेअर फळीवर गेला, तशी नवऱ्याची खुर्चीही मशीनशेजारी आली. रेकॉर्ड लागली. शिवणबाईंनी शिवायला घेतलं, मुद्दाम जरा जोरातच. सुई जागची हलली नाही. गाणारीचा आवाज जाडसर होता, फार गोडही नव्हता. पण गाणं पहिल्यांदाच न अडखळता पुढे चाललं होतं.

नवऱ्यानं चष्मा काढला. खिशात रुमाल सापडेना, तेव्हा बाहीनंच डोळे पुसायला लागला. स्वतःची आई गेली तेव्हाही हा माणूस रडला नव्हता. शिवणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. उद्या आपण गेलो तर हा काय लावून ऐकेल? हे मशीन? त्यांनी पायडलचा वेग आणखी वाढवला.

नवऱ्यानं खुर्ची हळूच भिंतीकडे वळवली. एवढ्याशा खोलीत तोंड लपवायला दुसरी जागाच नव्हती. पाठमोरे खांदे तेवढे हलत होते.

शिवणबाईंचा पाय थांबला.

"काय झालं?" त्यानं तोंड न वळवता विचारलं.

"दोरा तुटला," त्या म्हणाल्या. चांगला शाबूत दोरा त्यांनी सुईतून ओढून काढला आणि खाली मान घालून पुन्हा ओवायला घेतला. गाणं संपेपर्यंत त्यांना नेढं काही सापडलं नाही.