काट्यावर साठ

काट्यावर: ०

तिने चेहऱ्यावरचे पारदर्शक झाकण खाली ओढले आणि नवा लॅम्प धातूच्या टोकांना धरून प्रोजेक्टरच्या आरशासमोर अलगद बसवला. काचेला बोट लागू द्यायचे नव्हते. आत वायू ठासून भरलेला. थंड लॅम्पही फुटू शकतो. तिने स्क्रू आवळला, दार लावले आणि मगच हातमोजे काढले.

“वहिनी, लग्नाला निघालात की लढाईला?” जिन्यात उभ्या डोअरकीपरने विचारले.

“लग्न करून झालंय. आता हेच उरलंय.”

काट्यावर: ६०

बटण दाबताच खट् आवाज झाला आणि समोरचा पडदा पांढरा झाला. तिने करंटचे बटण हळूहळू मागे फिरवले. लॅम्पच्या खोक्यातल्या कागदावर पन्नास ते ऐंशी अँपिअर छापले होते. पन्नासच्या खाली उजेड थरथरतो, ऐंशीच्या वर लॅम्प स्वतःलाच खातो. नवा असताना कमीवर चालवायचा, जुना होत जाईल तसा थोडा थोडा वाढवायचा. काटा साठवर स्थिरावला तशी ती स्टुलावर बसली.

घरी सांगितलेला: ७२

या केबिनमध्ये तेवीस वर्षे तिचा नवरा ऑपरेटर होता. ती त्याच्या हाताखाली रिळे गुंडाळी. मागचा लॅम्प ठरलेल्या तासांपैकी निम्मेही न भरता फुटला आणि जाताना आरसा घेऊन गेला. मेकॅनिकने वाकडा बसवला, असे नवऱ्याने मालकांना सांगितले. मेकॅनिकला पुन्हा या थिएटरात कुणी बोलावले नाही. नवा आरसा येईपर्यंत खेळ बंद होते, आणि त्याच दिवसांत नवऱ्याचे उजवे अंग लुळे पडले.

मालकांनी तिला केबिन दिली ती एका अटीवर. हाही लॅम्प मुदतीआधी गेला, तर मशीन भंगारात आणि केबिनला कुलूप.

नवऱ्याचा आकडा बहात्तर. कागद छापणाऱ्यांनी कधी मशीन चालवलंय का, असे तो खाटेवरून म्हणे. ती घरी आली की तिने चप्पल काढायच्या आत तो आकडा विचारी. ती बहात्तर सांगे आणि स्वयंपाकघरात जाई.

काट्यावर: ६०. सांगितलेला: ७७

आठव्या दिवशी त्याने थिएटरात यायचा हट्ट धरला. डोअरकीपरने आणि पार्किंगवाल्याने त्याला खुर्चीसकट उचलून मधल्या रांगेपाशी ठेवले. पहिल्या खेळाला तासभर होता. तिने वर जाऊन पडद्यावर नुसता पांढरा उजेड टाकला. तो बराच वेळ बघत राहिला. मग डोअरकीपर धापा टाकत जिना चढून आला. भाऊ म्हणतात, पाच वाढवा.

तिने बटणावर हात ठेवला. थोड्या वेळाने काढून घेतला.

“वाढवले म्हणून सांग.”

डोअरकीपर गेला आणि परत आला. भाऊ म्हणतात, आता कसं झकास. माझे गुडघे मात्र बदलायला झाले, असे त्याने आपल्या पदरचे जोडले.

ती खाली उतरली आणि नवऱ्याशेजारच्या सीटवर बसली. त्याची नजर पडद्यावरच होती.

“हात लावला नाहीस,” तो म्हणाला. आजारानंतर त्याचे शब्द एकेक करून येत.

तिने वळून वर केबिनच्या झरोक्याकडे पाहिले.

“पाच वाढवले की कोपरे उजळतात. हे होते तसेच आहेत. कितीवर आहे?”

“साठ.”

त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. आता तो ओरडेल आणि डोअरकीपरसमोर ओरडेल, म्हणून तिने पदर सावरून घेतला. तो ओरडला नाही.

“मागचा मी चौऱ्याऐंशीवर चालवत होतो,” तो म्हणाला. “मालकांना पडदा अंधारा दिसायचा. रजिस्टरमध्ये बहात्तर लिहायचो. तुलाही तेच सांगायचो.”

पडद्यावर एक माशी बसली होती. ती उडाली.

“मेकॅनिकने नीट बसवला होता, गं.”

पार्किंगवाला दारातून डोकावला, आणि दोघे बोलत नाहीत हे बघून परत गेला.

“साठच राहू दे,” तो म्हणाला. “आणि त्याला फोन लाव. मीच बोलतो. नंबर असेल का कुठे?”

तिने पिशवीतून फोन काढला. मेकॅनिकचा नंबर यादीत सगळ्यात वर होता. सकाळचा कॉल, लॅम्पचाच, अकरा मिनिटांचा. त्याखाली कालचा, परवाचा. तिने फोन थोडा आपल्याकडे कलता धरला आणि बोटाने यादी खाली सरकवली, आणखी खाली.

“बघते,” ती म्हणाली. “असायला हवा.”