कंपनीचं मानपत्र

भाऊसोंच्या नव्या व्हॅनच्या कंपनीकडून शहात्तरच्या आषाढात इंग्रजी पत्र आलं. जाड कागद, वर शिक्का, खाली साहेबाची सही. तालुक्यात पहिली व्हॅन घेतल्याबद्दल कंपनीनं मानपत्र धाडलं, असं भाऊसोंनी कुणाकडून वाचून न घेताच ठरवलं. मलकापुरात फ्रेम करून देवांशेजारी टांगलं. तीन महिने त्याला उदबत्ती मिळाली.

खंडेनवमीला फ्रेम उतरवून गाडीच्या पूजेत ठेवली. ड्रायव्हर नाथाजी कुंकू लावता लावता थांबला. फौजेत पंधरा वर्षं ट्रक चालवलेला माणूस; इंग्रजी त्याला हुकमापुरतं कळे. हा हुकूमच होता. या खेपेच्या गाड्यांची ब्रेकची नळी घासून फुटते, बदलेपर्यंत गाडी चालवू नये.

आषाढापासून आपण पाटणकडचा घाट कितीदा उतरलो, ते तो मोजायला लागला आणि मध्येच थांबला.

"भाऊसो, हे मानपत्र न्हाई. गाडी हलवू नका म्हनत्यात."

"कवाचं हाय?"

"जूनचं."

"मग जूनपास्नं काय झालं का? आता तर पूजा बी झाली. आज न्हाई फुटायची."

जोतिबाच्या डोंगराला जायला आत अकरा बायका बसल्या होत्या. पुढच्या सीटवर भाऊसोंची आई रंगुबाई, मांडीवर नारळ.

नाथाजी गाडीखाली शिरला. नळी ओली होती. पण पूजेसाठी त्यानं सकाळीच गाडी धुतलेली, ओलं सगळंच होतं. बोट हुंगलं, तर हळदीचा वास.

"आवं नाथाजी, निघायचं का खालीच मुक्काम हाय?" आतून धोंडुबाईनं विचारलं.

तो उठून स्टेअरिंगवर बसला. ब्रेक दाबला. धरला. पुन्हा दाबला. धरला.

"उगं भितोस गड्या," खिडकीशी येऊन भाऊसो म्हणाले. "फौजेत काय करत हुतास?"

"भीतच हुतो," नाथाजी म्हणाला आणि तिसऱ्यांदा अंगातला सगळा जोर लावला.

खाली फुस्सकन आवाज झाला. ब्रेक पायासकट तळाला टेकला.

भाऊसो वाकले. रांगोळीवर तेल पसरत होतं. वर आले तेव्हा तोंड पांढरं पडलेलं.

"आये, खाली उतर."

"का रं?"

"उतर म्हंतो न्हवं."

बायका कुरकुरत उतरल्या. नाथाजी मात्र बसूनच राहिला. गाडी सपाट अंगणात उभी होती, इंजिन बंद होतं, तरी त्याला ब्रेकवरचा पाय उचलवेना.