हिरीच्या वाट्याचं खोबरं

आमच्या कबड्डीच्या संघात देवावरून भांडण होईल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आमची भांडणं व्हायची ती गुडघ्याच्या पट्ट्या कोणी पळवल्या यावरून, नाहीतर सरावाला कोण उशिरा आलं यावरून. मी निर्मला, या संघाची कप्तान. तलासरी नाक्यावर माझं शिलाईचं मशीन आहे. दिवसभर ब्लाउज शिवते आणि संध्याकाळी पाड्यामागच्या मोकळ्या शेतात पोरींना पळवते. माझं आणि देवाचं फारसं बोलणं नाही. सणाला हात जोडते, बाकी तो माझ्या वाटेला जात नाही, मी त्याच्या जात नाही.

पोरींचं तसं नव्हतं. दक्षाच्या गळ्यात तुळशीची माळ. बाहेरगावी सामन्याला गेलो की सगळ्या कोंबडीवर ताव मारणार आणि हिच्यासाठी मी डाळ शोधत फिरणार. सुनिता महालक्ष्मीची. सामन्याच्या दिवशी ती सकाळपासून अनवाणी, मग डांबर तापलेलं का असेना. लाडकीच्या घरी भगताचं चालतं, दंडावर त्यानं दिलेला काळा दोरा. एक ना धड भाराभर चिंध्या. पण चिंध्या जोडण्यात माझा जन्म गेलाय, मला त्याचं काही वाटायचं नाही. मैदानात उतरण्याआधी मी रेषेवर नारळ फोडायचे, पाणी शिंपडायचे, आणि सगळ्या जणी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून मगच आत पाऊल ठेवायच्या. माझ्या आधीच्या कप्तानापासून हे चालत आलं होतं. नारळ कोणत्या देवाचा, हे कधी कोणी विचारलं नाही.

मग हिरीच्या घरचे प्रार्थनेला जायला लागले.

हिरी म्हणजे आमची सगळ्यात चांगली चढाईवाली. अंगानं काटकुळी, पण समोरच्यांच्या अंगणात शिरली की कोणाच्या हाती लागायची नाही. तिचा बाप चैत्या पूर्वी ताडीच्या नादानं रस्त्यात पडलेला असायचा. प्रार्थनेला जायला लागल्यापासून त्यानं घोटभर प्यायली नाही, हे मी स्वतः बघितलंय, खोटं का बोलू? रविवारी त्यांच्या मांडवात टाळ्या वाजवून, रडून, मोठमोठ्यानं प्रार्थना चालते, पार रस्त्यापर्यंत ऐकू येते. देवाला दाखवलेलं काही त्यांनी खायचं नाही, असा त्यांच्यात नेम आहे. हिरी नारळाच्या वेळी बुटाची नाडी बांधत बसायला लागली. मी तिचा तुकडा गुपचूप माझ्या तोंडात टाकायचे. माझ्या लेखी विषय तिथेच संपला होता.

लाडकीच्या लेखी नव्हता. लाडकी हिरीची सख्खी मामेबहीण, दोघी एका वयाच्या, एका घोंगडीखाली झोपून मोठ्या झालेल्या. लाडकी आमचा डावा कोपरा सांभाळते आणि हिरी तिच्या शेजारी उभी राहते. कबड्डी ज्यांनी बघितली असेल त्यांना ठाऊक आहे, बचावाला दोघी-दोघी हात धरून उभ्या राहतात. कोपऱ्यातल्या पोरीनं पाय पकडायला झेप घेतली की शेजारणीच्या हाताचा तिला आधार असतो. तो हात सुटला की समोरचीला तिथून पळायला वाटच मिळते.

२०१७ सालच्या होळीनंतर मसोलीला सामना होता. तिथे लाडकीनं हात दिला नाही. पहिल्यांदा मला वाटलं, घाम आलाय म्हणून सुटला असेल. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा समोरची चढाईवाली दोघींच्या मधून अशी निघून गेली, जशी काही फाटकातून बकरी. आम्ही सडकून हरलो.

"हात का सोडतेस गं?" टेम्पोत बसल्यावर मी लाडकीला विचारलं.

"जिला आपला नारळ चालत नाय, तिचा हात मला चालत नाय."

हिरी खाली बघत बसली.  मला असला संताप आला की काय सांगू. म्हटलं, "नारळ माझा आहे. फोडते मी, पैसे घालते मी. कोणी खावा, कोणी नाय, ते मी बघीन." पण लाडकीच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. पोरगी हट्टी आहे, पण एवढी कडू कधीच नव्हती.

पुढे चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरणार होती आणि यात्रेच्या दिवसांत तिथे बायकांचे सामने होते. आजवर आम्ही तिथे कधी पहिल्या फेरीच्या पुढे गेलो नव्हतो. या वर्षी जमण्यासारखं होतं, फक्त डाव्या कोपऱ्यातल्या त्या दोन हातांवर सगळं अडलं होतं.

मी चैत्याकडे गेले. त्यानं मला खाट दिली, स्वतः ओट्यावर बसला. हिरीच्या आईनं चहा केला.

"निर्मलाताई, पोरीला मी खेळू नको म्हणत नाय," तो म्हणाला. "खेळू दे, पळू दे. पण तो नारळ तिच्या तोंडात नको. मी आज माणसात आलोय तो कशामुळे, तुम्हाला माहीत हाय. परत तसं होईल, याची मला भीती वाटते."

 ज्यानं ताडी सोडलीय त्याच्याशी कशाला हुज्जत घालायची. सरावाला पोरींना जमवून म्हटलं, या वेळी नारळच नको. सामन्याआधी घटकाभर जिनं तिनं आपापल्या देवाचं नाव घ्यायचं आणि आत शिरायचं. तर सुनिताला आधी मिरच्या झोंबल्या. "देवीच्या दारात खेळायचं आणि नारळ फोडायचा नाय?" दक्षा म्हणाली, "आज नारळ बंद, उद्या माझी माळ काढायला सांगशील, ताई." आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणाला चावून बोलू? लाडकी तेवढी नुसतं हिरीकडे बघत राहिली. मी हात टेकले आणि नारळ ठेवला.

तरी आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. आधीचे दोन्ही सामने हिरीनं एकटीनं चढायांवर काढले. कोपरा उघडाच होता, पण समोरचे संघ कच्चे निघाले. अंतिम सामना मात्र डहाणूच्या संघाशी होता. त्या पोरी दांडग्या आणि हुशार, त्यांना आमचं उघडं भगदाड पहिल्या चढाईतच दिसणार होतं.

दुपार कलायला आली होती. शेजारी यात्रेत पाळणे फिरत होते, भोंगे ओरडत होते, महामार्गावरून गाड्यांची रीघ. मी रेषेवर नारळ फोडला. राखीव पोरींपैकी एकीला कंपनीतून सुट्टी मिळाली नव्हती आणि दुसरीला दिवस गेलेले, तेव्हा आम्ही बरोबर सात जणीच होतो. मी तुकडे वाटत हिरीपर्यंत आले आणि सवयीनं तिला ओलांडून पुढे जायला लागले.

हिरीनं हात पुढे केला.

मला कळेना. "काय गं?" मी विचारलं. तिनं तुकडा घेतला, डोळे मिटले, आणि तोंडात टाकून चावायला लागली. गिळताना तिला कष्ट पडत होते, ते दिसत होतं. पण गिळला तिनं. सुनितानं तिच्या पाठीवर थाप मारली, दक्षा हसली. माझ्या डोक्यावरचा भारा उतरला. वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

लाडकीचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"खाल्लास?" ती म्हणाली. "खेळासाठी खाल्लास. कपासाठी खाल्लास. आणि माझ्या बापासाठी नाय खाल्लास?"

आता मला उलगडलं. लाडकीचा बाप, म्हणजे हिरीचा मामा धोंडी, आदल्या पावसाळ्यात साप चावून गेला. आमच्या पाड्यात रीत अशी की मामाच्या दिवसाच्या जेवणात पहिला घास भाचीनं घ्यायचा. तिनं खाल्ला की मेलेल्याला पोचलं असं धरतात, आणि मगच घरचे जेवतात. धोंडीला भाची एकच. त्या दिवशी पंगत बसली, हिरीपुढे पान वाढलं, आणि ती न खाता उठून गेली. शेवटी शेजारच्या पोरीला बसवून वेळ मारून नेली. मीही त्या पंगतीत होते. हिरीच्या घरचा नवा नेम आहे, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. लाडकीनं सोडलं नव्हतं.

"तुझ्या हाताला धरून त्यानं तुला पोहायला शिकवलं," लाडकीचा आवाज फुटला. "माझी आई त्या दिवसापासून म्हणते, तो उपाशीच गेला. आणि तू इथे खोबरं खातेस."

ती वळली आणि मैदानातून चालायला लागली. पंचांनी शिट्टी वाजवली. हिरी क्षणभर तिथेच उभी राहिली, मग तीही लाडकीच्या मागे पळाली. मी हाका मारल्या, शिव्याही घातल्या, देवीच्या दारात घालू नयेत तशा. दोघी गर्दीत नाहीशा झाल्या.

आम्ही पाच जणी खेळलो. खेळलो म्हणजे काय, मार खाल्ला. सगळ्या बाद होऊन लोणावर लोण चढत होते आणि भोंग्यावरचा माणूस मजा घेत होता. कप डहाणूला गेला. सामना संपल्यावर मी तशीच मातीनं भरलेली त्या दोघींना शोधायला निघाले. आज एकेकीचं थोबाड रंगवायचं, असं ठरवूनच.

उसाच्या रसाच्या दुकानांमागे एका आंब्याखाली दोघी बसल्या होत्या, एकमेकींकडे पाठ करून. मी तोंड उघडणार तेवढ्यात हिरी बोलायला लागली. माझ्याशी नाही, लाडकीशी. मी आलेय याचं तिला भानही नव्हतं.

"मी कपासाठी नाय खाल्ला," ती म्हणाली. "तू हात देशील म्हणून खाल्ला."

"आणि तेव्हा?"

"तेव्हा मी घास उचलला होता. बाबानं मनगट धरलं. तुम्हाला कोणाला दिसलं नाय. मी सोडवून घ्यायला पाहिजे होतं. नाय घेतलं. घाबरले, तो परत प्यायला लागला तर." ती हुंदके द्यायला लागली. "मामा माझापण होता ना गं."

लाडकीनं वळून तिच्याकडे बघितलं. माझा राग कुठे गेला कोण जाणे. खरं सांगते, मला माझ्या नारळाची लाज वाटली. मी तुकडे मोजून वाटत होते आणि पोरी भलत्याच भुकेनं व्याकूळ होत्या.

"चल घरी," शेवटी लाडकी म्हणाली. "आई हाय घरात."

मीही बरोबर गेले. रिक्षा केली. पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन अजून ओट्यावर होतं. बायजी, लाडकीची आई, चुलीपुढे भाकरी थापत होती. हिरीला दारात बघून तिचा हात थांबला. वर्ष होत आलं होतं, भाची त्या उंबऱ्यात आली नव्हती. लाडकीनं चार शब्दांत सांगितलं काय झालं ते. बायजीनं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही.

"बस," ती हिरीला म्हणाली.

हिरी बसली. बायजीनं नाचणीची भाकरी मोडली, वर डाळ ओतली, सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवला आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.

"हे दिवसाचं नाय," ती म्हणाली. "कोणाला दाखवलेलं नाय, कोणापुढे ठेवलेलं नाय. चुलीवरून उतरवलं ते तुझ्या ताटात. तुझ्या बापाला सांग, मामीनं जेवायला घातलं. त्यात काय पाप नाय."

हिरीनं ताटाकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "मामे, खायच्या आधी आमचं म्हणू?"

बायजी लाडकीकडे बघायला लागली. लाडकी भिंतीला टेकून उभी होती.

"म्हण," लाडकी म्हणाली. "पण मनात म्हण. बाबाला आरडाओरडा आवडत नव्हता."

हिरीनं डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिच्या त्या मांडवात एवढं गप्प राहून कोणी प्रार्थना केली नसेल. मग तिनं घास उचलला, डाळीत बुडवला आणि खाल्ला. बायजी तिच्या तोंडाकडे बघत होती, गिळेपर्यंत. गिळल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले आणि चुलीकडे वळली.

"लाडके," ती म्हणाली, "आता आपली दोघींची ताटं घे."