मनातलं यंत्र, नुसता नमुना

माझ्या भाचीचं लग्न मोडायला मीच निघाले होते, हे आधी सांगून टाकते. मागाहून कळलं तर म्हणाल, म्हातारी गोड बोलून फसवत होती.

मी धोंडूबाई. पळसदरीजवळच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीची मेंबर, बायकांच्या जागेवरची. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो लवकर गेला. मुलगा कमळ्या मस्कतला वेल्डर. माझ्या नाकावर चष्मा, हातात वर्तमानपत्र आणि ठरावाखाली झोकदार सही. गावात कुणाला सरकारी कागद आला की लोक म्हणायचे, धोंडूबाईला दाखवा. मी म्हणायचे, "आत्ता येळ नाय, ठेवून जा," आणि संध्याकाळी तो कागद मैनाकडून वाचून घ्यायचे. कारण सहीपलीकडे मला एक अक्षर ओळखता येत नव्हतं. वर्तमानपत्र मी फोटो बघून सरळ धरायचे.

मैना माझ्या भावाची, बुधाजीची मुलगी. मॅट्रिक पास. तिला मी सांगून ठेवलं होतं की डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, बारीक अक्षर दिसत नाही. कमळ्या मस्कतला गेल्यापासून, म्हणजे आठ वर्षं, हा मोतीबिंदू उतरत होता, पण पोरीनं कधी हूं की चूं केलं नाही. कमळ्याचं पत्र महिन्याला यायचं. ती ते दोनदा वाचायची, मी सांगेन ते उत्तर लिहायची, आणि वर माझ्याकडून सही घ्यायची.

आता सांगा, ती सासरी गेली तर माझं पत्र कोण वाचणार? दुसऱ्या कुणापुढं कागद धरायचा म्हणजे गावभर बोभाटा. ज्यांच्यावर मी पंधरा वर्षं तोरा मिरवला ते तोंडावर हसले असते. म्हणून दोन स्थळं मी गुपचूप मोडली. शेलूच्या लोकांना सांगितलं, पोरगी रातांधळी आहे. नेरळच्यांना सांगितलं, राग आला की ताटं फेकते. मैनानं उभ्या जन्मात साधी वाटी फेकली नव्हती. तिसरं स्थळ रसायनीकडचं. बुधाजीनं ते मला न विचारता परस्पर ठरवलं आणि माझ्या तोंडचा घास गेला. मुलगा नागू, कारखान्यात मीटर-बिटर दुरुस्त करायच्या खात्यात होता. त्याचा बाप चांगो पाटील मोठा मानी माणूस. "आमाला काय नको. नारळ आन् पोरगी," एवढंच तो बोलला होता.

आता त्या यंत्राचं सांगते.

कमळ्यानं मस्कतहून मैनासाठी एक हातातला खेळ पाठवला होता. साबणाच्या वडीएवढा, त्याला काच. काचेत एक माकड झाडावरून नारळ टाकायचं आणि खालच्या माणसानं ते टोपलीत झेलायचे. गावातल्या पोराटोरांनी दोन दिवस जेवण सोडलं. मैना मात्र तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन बसली आणि म्हणाली, "आत्या, याला एवढंच येतं? जन्मभर नारळच झेलायचे?" मग तिनं ते स्क्रू काढून उघडलं आणि माकड कायमचं मेलं. मी कपाळावर हात मारला.

पण पोरीच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलं. लग्नाआधी चार महिने मुली रुखवताच्या वस्तू करतात. कुणी बाटलीच्या बुचांचं देऊळ करतं, कुणी साखरेचं तुळशीवृंदावन. मैना म्हणाली, मी यंत्र करणार, जसं असायला पाहिजे तसं. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ. तिनं पाटीची लाकडी चौकट अर्धी कापली, तिला फोटोची काच बसवली, खाली टिचबटणांच्या कळा लावल्या. आत दोऱ्याची दोन रिळं आणि त्यांच्यावर गुंडाळलेली कागदाची पट्टी. बाजूची किल्ली फिरवली की काचेतलं चित्र सरकायचं. मागे बॅटरीचा बल्ब. वरून काळं पॉलिश. मी तुम्हाला खरं सांगते, ती वस्तू हातात घेतली की विमानातून उतरल्यासारखी वाटायची.

त्याच्यापुढं ठेवायला तिनं एक चिठ्ठी लिहिली आणि मला मोठ्यानं वाचून दाखवली. "मनातलं यंत्र. नुसता नमुना आहे. चालू होत नाही." मी म्हटलं, छान.

लग्न वैशाखात, सत्त्याऐंशी साली. मुहूर्त साडेअकराचा. सकाळपासून मांडवात आहेर चालले होते आणि कर्जतचा नामा कर्ण्यावरून नावं पुकारत होता. "अमुक तमुक यांच्याकडून पितळी कळशी एक!" आमच्यात लग्न लावणारी धवलारीण गाणी म्हणत होती, तिचा आवाज त्या कर्ण्यापुढं कुठं पुरणार. रुखवताभोवती बायकांची ही झुंबड. वरपक्षाच्या बायका त्या काळ्या पेटीकडे बघून एकमेकींना कोपरं मारत होत्या.

नामानं मला हाक मारली. "मेंबरबाई, त्या काळ्या पेटीचं समदे इचारतात. चिठ्ठीवर काय लिवलंय, जरा वाचून या की. मला मशीन सोडता येत नाय."

मी गेले. चष्मा पुसला. चिठ्ठीसमोर उभी राहिले. शब्द न् शब्द मला पाठ होता. आणि तिथं उभ्या उभ्या माझ्या मनात पाप आलं. चांगो पाटील मानी. त्याला वाटू दे की मोठी वस्तू मिळाली, आणि मग कळू दे की पाटी आहे. तो काय लग्न लावतो? पोरगी राहील घरी. अजून दोन वर्षं तरी राहील.

मी परत जाऊन नामाला सांगितलं, "परदेशी कॉम्प्युटर हाय. बुधाजीकडून जावयाला."

कर्ण्यावरून ते गावभर गेलं, गावाबाहेरच्या बंधाऱ्यापर्यंत गेलं असेल. "वधूपित्याकडून जावयाला परदेशी कॉम्प्युटर एक!" मांडवात अशी कुजबुज उठली की विचारू नका. बुधाजी जेवणाच्या चुलाणापाशी होता, तो हातात डाव घेऊन तसाच उभा राहिला. त्यानं आयुष्यात कॉम्प्युटर हा शब्द दोनदा ऐकला असेल. चांगो पाटलाची छाती मात्र फुगली. तो चारचौघांत म्हणाला, "आमी काय मागितलं नव्हतं. पण पाव्हण्यानं मान राखला." आणि जानवशावरून नवऱ्या मुलालाच बोलावून घेतलं, "ये रं नागू, चालू करून दाव."

नागू मुंडावळ्या बांधलेला, कपाळावरून घाम ओघळतोय. त्यानं यंत्र हातात घेतलं, कळा दाबल्या. काही नाही. किल्ली फिरवली, चित्र सरकलं. मग त्यानं सवयीनं मागचं झाकण उघडलं. दोऱ्याची रिळं खाली पडली आणि कागदाची पट्टी उलगडत चांगो पाटलाच्या पायांपर्यंत गेली.

सहाशे माणूस बघत होतं. कुणी हसलंसुद्धा नाही, इतके सगळे हबकले.

"पाटी हाय ही," चांगो पाटील हळू म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "पाटी! कर्ण्यावरून सांगून आमच्या हातात पाटी दिली! बुधाजी, माझी चेष्टा करायला सोयरीक केलीस? चला रं, टेंपो फिरवा!"

बुधाजी हात जोडून म्हणत होता, "मी नाय सांगितलं, देवाशपथ नाय सांगितलं." मला वाटलं होतं मला आनंद होईल. पण झाला नाही. माझा सख्खा भाऊ, भर मांडवात, हात जोडून.

आणि मग मैना बाहेर आली. मुहूर्ताआधी नवरी चारचौघांत येते का कुठं? पिवळं लुगडं, हातभर चुडा, सरळ चालत आली, वाकून ती पट्टी गोळा केली आणि नामाच्या हातातून माईक घेतला. नामा इतका दचकला की त्यानं तो देऊनच टाकला.

"ही पाटीच हाय," ती म्हणाली. "आसं यंत्र आजून कुठंच नाय. मी मनानं केलंय. कसं आसायला पायजे ते सांगते, मग जायचं तं जा."

बायकांनी तोंडाला पदर लावले. नागू मात्र जागचा हलला नाही.

"पयली कळ खेळाची. एका यंत्रात शंभर खेळ. आन् समोर माणूस नको. वाघबकरीचा डाव मांडला तं मी पळसदरीत, तुमी रसायनीत, डाव एकच."

"मधली वायर कुठनं नेणार?" नागू बोलला. सगळ्यांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"रेडिओला मुंबईपास्नं वायर हाय का?"

नागूनं मान खाजवली. ती पुढं म्हणाली, "दुसरी गणिताची. बिघ्याला बी किती, विहिरीत पाणी किती, घातलं की उत्तर काचेवर. तिसरी लिवायची. चुकलं तं खोडता येतं, कागद संपत नाय. आन् हे समदं शेतावर नेता आलं पायजे. चिखलात पडलं तं धुता आलं पायजे. बॅटरीचा शेल महिनाभर पुरला पायजे."

"धुतलं तं आतनं शॉर्ट होईल."

"मंग त्याचा उपाय तुमी काढा. मीटर तुमीच दुरुस्त करता ना?"

आता कुणीतरी खुदकन हसलं. नागूसुद्धा. त्यानं पट्टीचं शेवटचं चित्र तिच्या हातातून घेतलं. त्यात एक कान काढला होता. "आन् ही कळ?"

मैना म्हणाली, "ही वाचायची. कागद काचेपुढं धरला की यंत्र मोठ्यानं वाचून दाखवणार. लेकाचं पत्र आलं तं आईनं कुणाची वाट बघायला नको. कुणापुढं कागद न्यायला नको."

"ज्याला वाचता येतं त्याला ती कशाला पायजे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदाच. "डोळे अधू असतात कुणाकुणाचे," ती म्हणाली. "मोतीबिंदू उतरत असतो."

पोरीला सगळं ठाऊक होतं. आठ वर्षं ठाऊक होतं, आणि ती मला झाकत होती, आत्तासुद्धा झाकत होती. माझ्यामुळं तिचं लग्न मोडतंय आणि ती माइकवरून माझ्या डोळ्यांची काळजी करतेय. मला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

चांगो पाटील मात्र ऐकेना. "पोरीचं समदं ऐकलं. हुशार हाय. पण कर्ण्यावरून सांगितलं कुणी? बापानं सांगितल्याबगार नामा बोलंल? बापच खोटा आसंल तं मला ही सोयरीक नको."

नामानं माझ्याकडे बघितलं. त्याच्याबरोबर शंभर डोळे माझ्याकडे वळले. खरं सांगावं तर लग्न मोडायचंच. आत्यानंच मुद्दाम केलं, हे कळल्यावर कोण या घरात मुलगा देईल? बुधाजीला वाचवायला एकच वाट होती आणि ती माझ्या अब्रूवरून जात होती.

"मी सांगितलं," मी म्हणाले. "नामानं मला चिठ्ठी वाचायला धाडलं. मला वाचता येत नाय. कधीच येत नव्हतं. काळी पेटी बघून मला वाटलं तसं ठोकून दिलं. माझ्या भावाचा काय दोष नाय."

मग मागून एकजण म्हणाला, "आरं, मंग पंधरा वर्षं ठराव कोण वाचत व्हतं?" आणि हशा उसळला. ज्यांचे कागद मी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले होते तेच सगळ्यात जास्त हसत होते. मी चष्मा काढला. तो तसाही बाजारातून उचललेला होता, नंबर नसलेला.

चांगो पाटील हसला नाही. माझ्यापुढं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मीबी अंगठाच लावतो, बाय. चूक झाली म्हणता तं झाली." मग वळून ओरडला, "येळ टळतोय! अक्षता वाटा!"

लग्न लागलं. नागूनं ती पाटी काखेतून खाली ठेवली नाही, अक्षता पडताना धवलारणीनं त्याला दटावलं तेव्हा कुठं कुणाच्या तरी हातात दिली. पाठवणीच्या वेळी मैना माझ्या पाया पडली. मी तिला उठवायला वाकले तशी ती माझ्या कानाशी म्हणाली, "चिठ्ठी मीच वाचून दावली व्हती तुला, आत्या."

म्हणजे मी जाणूनबुजून खोटं सांगितलं, हे तिला मांडवातच कळलं होतं. ती रागात नव्हती. तिनं माझा पदर सारखा केला आणि म्हणाली, "मी आयतवारी येते. कमळ्यादादाचं पत्र आलं तं फोडू नको, मला फोडायला आवडतं."

ती आली. दर रविवारी नाही, पण महिन्यातून एकदा तरी, पुढं मुलंबाळं झाल्यावरसुद्धा. पत्र वाचायची, उत्तर लिहायची, चहा घ्यायची आणि पाचच्या गाडीनं जायची. त्या दिवसाचा विषय तिनं कधी काढला नाही. शेलूचं आणि नेरळचं स्थळ कुणी मोडलं, तेही तिला ठाऊक होतं का, हे विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.